फ्रीजवरचा कागद इतक्यात काढू नका

ताई,

मी भांडुपला राहते. वय ४७, पतपेढीत नोकरी. मागच्या दिवाळीनंतर डाव्या स्तनात गाठ लागली, जानेवारीत ऑपरेशन झालं आणि फेब्रुवारीपासून परळला किमो सुरू आहे. दर एकवीस दिवसांनी एक, अशा आठ. लाल औषधाच्या चार झाल्या, पांढऱ्या औषधाच्या चारांतल्या तीन झाल्या. तीन आठवड्यांनी शेवटची.

या पाच महिन्यांत घरच्यांनी जे केलं ते सांगून खरं वाटणार नाही. माझी थोरली जाऊ, जिच्याशी गावच्या घराच्या वाटणीवरून नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं, ती पहिल्या किमोच्या दिवशी सकाळी साडेसहाला भांडुप स्टेशनवर पिशवी घेऊन उभी होती. कोणी बोलावलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक वेळी तीच बरोबर असते. हे बेस्टमध्ये कंडक्टर, सगळ्या रजा संपवून बसलेत. सासूबाई ७४ वर्षांच्या, पण माझी पेज त्याच करतात. खालच्या मजल्यावरच्या दोघी आळीपाळीने डबा देतात. कोणत्या दिवशी कोण, याचा कागद मुलाने फ्रीजवर लावलाय.

आता सगळ्यांना वाटतंय, संपलं. शेवटच्या किमोनंतरच्या दुसऱ्या रविवारी घरी सत्यनारायण ठरलाय, साठेक माणसं येतील. मुलगा म्हणतो, व्हिडिओत वाजवतात तशी घंटा वाजवायची. आणि मी रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडते. आनंद व्हायचा सोडून पोटात गोळा येतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर वसईची एक बाई असायची, आमच्या तारखा जुळायच्या. सहाव्या वेळी ती आली नाही. फोन केला तर तिच्या नवऱ्याने उचलला. मी हे घरी कोणालाच सांगितलेलं नाही. बाहेर फुटपाथवर गावाकडून आलेले पेशंट झोपलेले दिसतात, तेव्हा आपण कशाला रडतो म्हणून स्वतःचीच लाज वाटते.

जावेचे उपकार कसे फेडू? आणि किमो संपली की आम्ही पुन्हा पहिल्यासारख्या अबोल होणार का?

– माधवी (नाव बदललं आहे)


माधवीताई,

आधी तारखेचं बघू, बाकीचं मग.

तो सत्यनारायण पुढे ढकला. आजच. शेवटच्या किमोनंतरचा दुसरा रविवार म्हणजे नववा-दहावा दिवस, आणि ते दिवस कसे असतात हे सात वेळा भोगून तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. पहिले दोन दिवस स्टेरॉइडच्या जोरावर बाई घरभर फिरते, फडताळं आवरायला काढते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाडं ठणकायला लागतात, जिभेवर लोखंड चाटल्यासारखी चव येते. आणि पांढऱ्या पेशी सगळ्यात तळाला जातात त्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत. आठवी किमो शेवटची आहे, हे त्या पेशींना कोणी सांगितलेलं नसतं. नेमक्या त्या दिवशी तुमच्या घरात साठ माणसं, दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, कोणाच्या तरी कडेवर नाक वाहणारं पोर, आणि येणारी प्रत्येक बाई ‘किती गं उतरलीस’ म्हणत गालावरून हात फिरवणार. शिऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, तो गरम असतो. पंचामृत मात्र सकाळपासून भांड्यात बसलेलं असतं आणि त्यात किती हात गेलेले असतात ते त्या सत्यनारायणालाच ठाऊक.

पाच-सहा आठवड्यांनी पूजा करा. तोवर पांढऱ्या पेशींचे काउंट वर आलेले असतील, रक्ताचा रिपोर्ट हातात असेल. कदाचित तेव्हा रेडिएशन चालू असेल, पण ते सहसा सोमवार ते शुक्रवार असतं, रविवार तुमचाच. सत्यनारायणाला श्रावणच लागतो असं नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, सुनेच्या तोंडून ते ‘पूजा नको’ असं ऐकू येतं. पुढच्या तपासणीला त्यांच्या मुलाला डॉक्टरांसमोर बसवा आणि त्यालाच विचारू द्या, ‘या तारखेला घरात साठ माणसं बोलावू का?’ डॉक्टरांचा चेहरा बघून तो घरी येऊन जे सांगेल त्यावर सासूबाई एक शब्द बोलणार नाहीत.

आता त्या फ्रीजवरच्या कागदाकडे येते. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली वस्तू तीच. आणि मला भीती अशी आहे की शेवटच्या किमोच्या संध्याकाळी तुमचा मुलगा मोठ्या आनंदाने तो कागद टराटरा फाडणार. फाडू देऊ नका.

हे मी का सांगते ते ऐका. बारा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना लिम्फोमा झाला होता. सहा किमो होत्या. आम्ही माहीमला राहतो, दुसऱ्या मजल्यावर, अख्खी इमारत धावली होती. सहावी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांचे डबे घासूनपुसून काढले. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून एकेकात मूठभर साखर घातली आणि मजल्यामजल्यावर जाऊन पोचते करून आले. ‘झालं बाई एकदाचं, तुम्ही होतात म्हणून निभावलं.’ वरच्या मजल्यावरच्या काकांकडे गाडी होती, दर किमोला तेच सोडायचे. त्यांना पेढे दिले.

आठव्या रात्री ह्यांना हुडहुडी भरली. थर्मामीटरवर १०१.२. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं, बाहेर धो धो पाऊस. आणि मी काकांचं दार वाजवलं नाही. का, तर साखर घालून डबे परत केले होते ना! हिशेब मिटवला होता. मिटवलेला हिशेब रात्री दोनला कुठल्या तोंडाने उघडायचा? वीस मिनिटं मी एका हातात छत्री आणि एका हातात नवरा धरून टॅक्सीची वाट बघत उभी होते. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये गेलो. तिथल्या ड्यूटीवरच्या पोराने ‘व्हायरल दिसतोय’ म्हणून पॅरासिटामॉल दिली आणि आम्हाला बाकावर बसवलं. किमो हा शब्द मी चौथ्या की पाचव्या वाक्यात उच्चारला होता, तोवर त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. उजाडता उजाडता मोठ्या इस्पितळात हलवलं, पाच दिवस शिरेतून अँटिबायोटिक चाललं. वाचले. आत्ता आत टीव्हीसमोर बसून क्रिकेटवाल्यांना अक्कल शिकवताहेत.

काका इस्पितळात भेटायला आले. ‘मला उठवलं नाहीत,’ एवढंच बोलले आणि केळ्यांची पिशवी स्टुलावर ठेवून निघून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्यात एक अवघडलेपण होतं. मी त्यांच्यावर उपकार केल्यासारखं त्यांना सोडून दिलं होतं, आणि त्यांना ते लागलं.

म्हणून म्हणते, तो कागद अजून सहा आठवडे तिथेच राहू दे. फक्त नवा लिहा. डब्यांचे दिवस कमी करा, पहिल्या पंधरवड्यात रोज आणि पुढे आठवड्यातून दोनदा पुरे होतील. त्यात एक नवा रकाना घाला: ‘रात्री’. रात्री ताप आला तर कोणाला उठवायचं, त्याचं नाव आणि नंबर. रिक्षावाला ओळखीचा असेल तर त्याचाही. बहुतेक कर्करोगतज्ज्ञ १००.४ फॅरनहाइटला धोक्याचा ताप मानतात. तुमच्या फाइलवर वेगळा आकडा लिहिला असेल तर तो खरा. त्या आकड्याला पोचलात की पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, गोळीने ताप दबतो आणि आतलं चालूच राहतं. आणि इस्पितळाच्या दारात पहिलं वाक्य हेच: ‘कर्करोगाची किमो चालू आहे, अमुक तारखेला झाली, ताप आहे.’ नाव, गाव, किती दिवसांपासून, हे सगळं नंतर. हे वाक्य मुलाकडून त्या कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. पावसाळ्यात तर हे दुप्पट लागू. साचलेल्या पाण्यातून चालायचं नाही, मग स्टेशन दोन मिनिटांवर असलं तरी.

आता तुमचं रडणं.

त्यात कृतघ्नपणा वगैरे काही नाही. किमोच्या अखेरीला असं रडू येणं इतकं नेहमीचं आहे की किमो देतात त्या डे-केअरमधल्या जुन्या सिस्टरांना विचारलंत तर त्या मान हलवून ‘होतंच’ म्हणतील. पाच महिने तुम्हाला विचार करायला वेळ कुठे होता? काउंट, उलटी, गोळी, पुढची तारीख. दर एकवीस दिवसांनी कोणी ना कोणी तुमचं रक्त बघत होतं, गळ्याखाली, काखेत हात लावून तपासत होतं. आता ते म्हणणार, ‘तीन महिन्यांनी या.’ रोज हात धरून रस्ता ओलांडून देणारा माणूस मधेच दुभाजकावर सोडून गेल्यासारखं ते वाटतं. आणि शरीरात औषध जातंय तोवर आपण रोगाशी काहीतरी करतोय हा धीर असतो. औषध थांबलं की तोही जातो.

तसं बघितलं तर औषध सगळं थांबत नाहीच. पुढे बहुधा तीन ते पाच आठवडे रेडिएशन असेल. गाठीच्या तपासणीत हार्मोनचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर रोजची एक गोळी, ती पाच वर्षं, काहींना दहा. तुमचं नेमकं काय ते फाइलमध्ये आहे. आठवीच्या आधी एकदा डॉक्टरांकडून ‘यानंतर काय, केव्हा, कुठे’ एवढं कागदावर उतरवून घ्या. पहिली काही वर्षं तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, असा साधारण रिवाज असतो. दरवेळी स्कॅन करत नाहीत, त्याने घाबरू नका. त्रास नसताना उगाच स्कॅन करत राहण्याचा फायदा दिसलेला नाही.

पाठ दुखली की परत आला, डोकं दुखलं की डोक्यात गेला, असं होणार. मी ह्यांच्या साध्या खोकल्यालाही वर्षभर दचकत होते. एक साधी खूणगाठ आम्हाला उपयोगी पडली: नवं दुखणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं किंवा वाढत गेलं तर फोन करायचा, त्याच्या आत ते फक्त वहीत लिहायचं. ताप, धाप, नवी गाठ असलं काही असेल तर अर्थात थांबायचं नाही. बाकी बरंचसं वहीत लिहूनच विरून जातं.

काही गोष्टी विरायला वेळ लागेल, त्या आधीच माहीत असू देत. पांढऱ्या किमोने बोटांना मुंग्या येतात, त्या महिनोन्‌महिने राहतात, काहींना शेवटच्या किमोनंतर थोड्या वाढल्यासारख्याही वाटतात. तुम्ही पतपेढीत नोटा मोजता. पहिल्या आठवड्यात हाताला नोट लागणार नाही, बेरीज दोनदा चुकेल. त्याला किमोने आलेला विसराळूपणा म्हणतात, तुमची अक्कल कुठे गेलेली नाही. साहेबांना आधीच सांगून पहिला महिना काउंटरऐवजी फाइलींचं काम मागा, लाज वाटू देऊ नका. नखं काळपट पडली असतील, ती हळूहळू पुढे सरकून निघून जातील. महिना-दीड महिन्यात डोक्यावर लव दिसेल. पहिले केस कित्येकींचे कुरळे येतात. आमच्या ओळखीच्या एका बाईंचे असे आले की नातीने त्यांचं नाव ‘मेंढी’ ठेवलं होतं, त्या चिडायच्या आणि आरशात बघून हसायच्याही. थकवा सगळ्यात शेवटी जातो. आणि डाव्या हाताचे व्यायाम सोडू नका. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज यायला लागली की लगेच दाखवायचं.

घंटेचं. ही प्रथा अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन इस्पितळात १९९६ साली सुरू झाली असं सांगतात. इर्व्ह ली मॉइन नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्याने, त्याचं रेडिएशन संपणार होतं तेव्हा, एक पितळी घंटा आणली आणि शेवटच्या दिवशी ती वाजवली. काम फत्ते झालं की घंटा वाजवायची, ही त्यांच्या आरमारातली रीत. त्याच्यापुरती ती शोभली. पण डे-केअरमध्ये तुमच्या आजूबाजूच्या खुर्च्यांवर अशीही माणसं असतात ज्यांची किमो संपायचीच नाही, ज्यांना ती घेतच जगायचं आहे. त्यांच्या कानावर ती घंटा कशी पडत असेल? तुम्हाला हे कळतं. तुमच्या पत्रात वसईच्या बाईचा उल्लेख घंटेच्या मागोमाग आलाय, तो उगाच नाही. मुलाला सांगा, घरी ये आणि देवघरातली घंटा हवी तितकी वाजव. तरुण पोर आहे, पाच महिने मुकाट कागद भरत बसलाय, त्यालाही कुठेतरी आवाज करायचा असेल.

आता त्या बाई.

तुम्ही एकमेकींना किती ओळखत होतात? पाच वेळा, दर वेळी चार-पाच तास. ज्या बाईने आपल्यासमोर ओकारी काढली आणि जिने आपल्या डोक्यावरचा स्कार्फ सरळ करून दिला, तिचं दुःख करायला नात्याचा दाखला लागत नाही. शिवाय त्यात एक भीतीही मिसळलेली आहे, ‘ती गेली, मग मी?’ आणि त्या भीतीची तुम्हाला लाज वाटते. दोन्ही खरं आहे, दोन्ही एकाच नळाच्या पाण्याखाली चाललंय, म्हणून मोकळं वाटत नाही. तिचा आजार तुमच्या आजारासारखा होता असं धरू नका. नाव एक असलं तरी स्टेज वेगळी, गाठीची जात वेगळी, अंग वेगळं. ते वेगळेपण तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा. विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

मोठ्या इस्पितळांत मेडिकल सोशल वर्कर असतात, बऱ्याच ठिकाणी मानसोपचाराचा वेगळा विभाग असतो. कर्करुग्णांना आधार देणाऱ्या व्ही केअरसारख्या संस्थांचे स्वयंसेवक तर स्वतः यातून गेलेले असतात. परळला जाताच आहात, तर एक चक्कर तिकडेही मारा. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, पंधरा-वीस दिवस असंच चाललं असेल, तर ‘चक्कर मारा’ म्हणत नाही, जाच.

फुटपाथवरच्या माणसांबद्दल लाज वाटते म्हणता. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर इस्पितळाबाहेरच पथारी, हे रोज डोळ्यांनी बघून कोणाचाही घास अडेल. पण परळचं ते टाटा मेमोरियल उभं कशातून राहिलं? मेहरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने १९४१ साली ते इस्पितळ उघडलं. ज्या घरात कशाची म्हणून कमतरता नव्हती तिथेही हे रडणं होतंच. तुमच्याकडे डबा देणाऱ्या दोघी आहेत म्हणून तुमचा गोळा लहान होत नाही. फारच जाळत असेल तर काउंट सुधारल्यावर एखाद्या रविवारी, तुमच्याकडे येणाऱ्या डब्यांतला एक डबा तिकडे जाऊ दे.

घरच्या दोघांबद्दल थोडं. तुमचे ‘हे’ रजा संपवून बसलेत म्हणता, पण ते कसे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. किमो संपली की बरोबरची माणसं पडतात. पाच महिने ताठ राहिलेला माणूस पहिल्या निवांत आठवड्यात आजारी पडतो किंवा उगाच चिडचिड करतो. त्यांना ड्यूटीवर जाऊ द्या. तिकिटं फाडत सहा तास गर्दीत उभं राहणं हे त्यांच्यासाठी सध्या माथेरानला गेल्यासारखं आहे. रेडिएशनला रोज सोबत लागत नाही, प्रत्यक्ष मशीनखाली काही मिनिटंच जातात. बऱ्याच बायका एकट्या जाऊन येतात. पहिले दोन-तीन दिवस कोणीतरी असू दे, मग लोकलमधल्या त्या वेगळ्या डब्यात, जिथे कर्करुग्णांना बसता येतं, तिथे तुम्ही एकट्या बसा. आणि कोणी धडधाकट माणूस जागा अडवून बसला असेल तर त्याला उठवायला घाबरू नका. तेवढी ताकद आलेली असेल.

राहिली तुमची जाऊ.

उपकार फेडायचे असं म्हणता, म्हणजे मनात पैठणीचा विचार आहे, हो ना? पूजेच्या दिवशी सगळ्यांसमोर ओटी भरून साडी द्यायची, दोन शब्द बोलायचे, बायका डोळे पुसणार. नका करू तसं. मी साखर घातलेल्या डब्यांबद्दल सांगितलं ते याचसाठी. साडी हातात पडली की तिला कळेल, हिने हिशेब चुकता केला, आता मला भांडुप स्टेशनवर यायचं कारण उरलं नाही. पुढेमागे मंगळागौरीला, दिवाळीला द्या, जाऊ म्हणून द्या.

वाटणीचा विषय या दिवसांत काढू नका. तिने पहिल्या दिवशी काढला नाही, तुम्हीही काढू नका. तो कागदांचा प्रश्न आहे, दोघांचे नवरे आणि एक वकील बसून वर्षभराने सोडवतील किंवा नाही सोडवणार. कदाचित गावच्या घरावरून तुम्ही दोघी पुन्हा भांडालही. भांडा. नऊ वर्षं तुमचं भांडण कुठे होतं? अबोला होता. भांडणाऱ्या जावा एकमेकींच्या घरी जातात.

आणि अबोला परत येईल का, हे तुम्ही मला विचारलंत. त्याआधी एक विचार करा. सहाव्या किमोला शेजारची खुर्ची रिकामी होती, ती पाहणाऱ्या तुम्ही एकट्या नव्हतात. बाजूच्या स्टुलावर तुमची जाऊ बसली होती. वसईची बाई कोण, तिचा स्कार्फ कसला, तिला किती वाजता सलाइन लागायचं, हे तिलाही ठाऊक. सातव्या वेळीही ती खुर्ची तिने पाहिली असणार. तुम्हाला काही विचारलं नाही. तुम्हाला धक्का बसू नये म्हणून तीही गप्प, आणि तिला कळू नये म्हणून तुम्हीही गप्प. म्हणजे बघा, तुम्ही दोघी तीनेक आठवडे एकच गोष्ट एकमेकींपासून लपवताय.

तिला सांगा. घरी नको, घरी सासूबाई असतात. आठवीच्या आधी रक्त द्यायला परळला जाल, परतताना फलाटावर धीम्या गाडीची वाट बघत बाकावर बसाल, तेव्हा सांगा. तुम्ही फक्त ‘वहिनी, ती वसईची...’ म्हणा. पुढचं कदाचित तीच बोलेल. एखादी गाडी सोडावी लागली तर सोडा, भांडुपला जाणाऱ्या गाड्या काही कमी नाहीत.

आणि पूजेची नवी तारीख ठरली की मला कळवा. पंचामृत घेणार नाही, पण शिऱ्याला येईन.